पितृपंधरवड्यात बीदर

दिवाळी अंक हातात पडतो तोवर सहलींचा हंगाम सुरू झालेला असतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा दख्खन पाहण्याचा काळ, असं पर्यटनाची जवळजवळ प्रत्येक पुस्तिका सांगते, आणि बीदर-कलबुर्गीच्या नावापुढेही हेच महिने छापलेले असतात. ते कुठून आले, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे जुलैत घराबाहेर पडणंच अवघड. गोव्यात पावसाळ्यात समुद्र अंगावर येतो, किनाऱ्यावरचे शॅक उतरवून ठेवतात. या ठिकाणांचा ‘ऑफ सीझन’ निसर्गानेच ठरवलेला आहे आणि खोल्यांचे दर त्याच्या मागून खाली येतात. पण सह्याद्रीपासून सुमारे चारशे किलोमीटर पूर्वेला, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात असलेल्या बीदरला तोच हंगाम लावणं म्हणजे कोकणातलं पंचांग मराठवाड्याच्या पेरणीला लावण्यासारखं आहे. बीदरला वर्षाकाठी साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, कलबुर्गीला त्याहूनही कमी. एवढ्या पावसाने प्रदेश बंद पडत नाही. उलट वर्षभर जे निजलेलं असतं ते याच काळात जागं होतं.

माझं म्हणणं असं की, बीदर आणि कलबुर्गी हे दोन जिल्हे पाहायचे तर भाद्रपदाच्या वद्य पक्षात पाहावेत. म्हणजे पितृपंधरवड्यात. हा काळ पर्यटन व्यवसायाच्या हंगामात बसत नाही आणि मराठी घराच्या हंगामातही बसत नाही. गणपती गेलेले असतात, दसरा यायचा असतो, लग्नाचे मुहूर्त नसतात, शाळेला सुट्टी नसते. बीदर या गावाचं सगळं कर्तृत्व पाणी धरण्याचं आहे आणि ते पाणी असतानाच कळतं, हे माझं पहिलं कारण. दुसरं असं की इथल्या गर्दीचा थंडी-उन्हाशी फारसा संबंध नाही. ती तिथीवर आणि चंद्रावर चालते, आणि या पंधरवड्यात दोन्हींचा जोर सर्वांत कमी असतो.

मराठी वाचकाला बीदर अनोळखी नाही, फक्त तो तिथे सहलीला म्हणून जात नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं रयतेला खुली केली, तो धान्यसाठा बीदरच्या पादशहाचा होता. विठोबा महाराच्या रूपात ज्या दरबारी दामाजींची वसुली भरायला गेला, तो दरबारही बीदरचाच. गुरुचरित्राच्या शेवटच्या अध्यायांत वैदुरानगरीचा राजा येतो, त्याच्या मांडीवरचा फोड येतो आणि पापविनाशी तीर्थ येतं. ही वैदुरानगरी म्हणजे बीदर. पापनाशाचं देऊळ आणि तिथलं पाणी आजही गावात दाखवतात. एका कथेच्या मुळाशी दुष्काळ आहे आणि दुसरीत तीर्थाचं पाणी. पाणी आणि त्याचा अभाव हाच बीदरचा विषय आहे, हे आपल्या परंपरेने आधीच ओळखलेलं आहे. सहल आखणारे मात्र ते विसरून महमूद गवानच्या मदरशाच्या निळ्या फरशांपासून सुरुवात करतात.

सुरुवात दगडापासून करायला हवी. बीदर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवरच्या पठाराच्या काठावर वसलं आहे, आणि या पठाराचा माथा जांभ्याचा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या माणसाला जांभा सांगावा लागत नाही, पण लातूर-सोलापूरकडून काळ्या जमिनीतून येणाऱ्याला एकदम लाल झालेली माती आणि चिऱ्याच्या भिंती पाहून चकित व्हायला होतं. जांभ्याखाली नेहमीचा काळा बसाल्ट आहे. जांभा सच्छिद्र, म्हणून पावसाचं पाणी त्यातून खाली उतरतं. बसाल्ट घट्ट, म्हणून ते तिथे अडतं आणि दोन थरांच्या सांध्यावरून आडवं सरकत पठाराच्या काठाला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. बीदरच्या अवतीभवती इतके ‘झिरे’ का, याचं उत्तर हेच. गुरू नानकांच्या नावाने असलेला नानक झिरा, नृसिंह झिरा, शुक्लतीर्थ, पापनाश ही वेगवेगळ्या धर्मांची पवित्र स्थळं एकाच भूगर्भीय कारणाने निर्माण झालेली आहेत. शिखांच्या श्रद्धेनुसार नानकांनी गोडं पाणी काढून दिलं, हिंदूंच्या श्रद्धेनुसार नृसिंह पाण्याच्या बोगद्याच्या टोकाला उभा राहिला. भूगोल या दोन्ही कथांच्या खालून वाहतो आणि कुणाचीच श्रद्धा खोडत नाही.

बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला हलवली. त्याची कारणं इतिहासकार अनेक देतात. दरबारातली भांडणं, संरक्षणाची सोय, बीदरची हवा. शिकारीत कोल्हा कुत्र्यांवर उलटला, म्हणून ही भूमी शूर, अशी दंतकथाही आहे, पण तशी कथा हिंदुस्थानातल्या निम्म्या राजधान्यांना आहे, तेव्हा ती बाजूला ठेवलेली बरी. पठारावर राजधानी वसवायची तर सैन्याला, घोड्यांना, बागांना आणि हमामखान्यांना पाणी लागणार, आणि पठारावर नदी नाही. मांजरा खाली उत्तरेला वाहते. या अडचणीवरचा उपाय इराणातून आला. त्या काळी दख्खनच्या दरबारात इराणी कारागीर, विद्वान, व्यापारी मोठ्या संख्येने येत होते आणि डोंगराच्या पोटातलं पाणी भूमिगत बोगद्याने दूरवर नेण्याची ‘कारेझ’ची विद्या त्यांच्या मुलखात शतकानुशतकं चालत आलेली होती. बीदरच्या नौबादजवळची कारेझ दोन किलोमीटरहून लांब आहे. जमिनीखाली किंचित उतरता बोगदा, आणि ठरावीक अंतरावर वरून खाली उतरणाऱ्या वीसहून अधिक उभ्या विहिरी. बोगदा खोदताना माती काढायला, आत हवा खेळायला आणि नंतर पाणी शेंदायला या विहिरींचा उपयोग. गावकरी हिला ‘सुरंग बावी’ म्हणतात. शुक्लतीर्थ आणि जमना मोरी अशी आणखीही भूमिगत व्यवस्थेची नावं गावात आहेत. केरळचे भूगोल-अभ्यासक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी या कारेझचा मागोवा घेऊन नकाशे तयार केले, आणि गेल्या दशकात जिल्हा प्रशासनाने नौबादच्या कारेझमधला गाळ काढण्याचं काम हाती घेतलं. २०१४ मध्ये बीदरचं ऐतिहासिक शहर ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच’च्या यादीत आलं आणि त्याच वर्षी दख्खनच्या सल्तनतींची स्मारकं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

आता हे सगळं फेब्रुवारीत पाहायला गेलं तर काय दिसतं? कोरडे उभे खड्डे, काही ठिकाणी कचरा, आणि एक फलक. ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच त्याचं महत्त्व समजतं. तेच भाद्रपदाच्या शेवटी गेलं तर तीन महिन्यांचा पाऊस जांभ्यात मुरलेला असतो आणि सांध्यावरून सरकणारं पाणी झऱ्यांवाटे बाहेर येत असतं. भूजल पावसाच्या मागून चालतं. जुलैत पडलेलं पाणी जुलैत झऱ्याला येत नाही, ते यायला वेळ लागतो. म्हणून ऐन आषाढ-श्रावणापेक्षा भाद्रपद बरा. आषाढात पाऊस दिसेल, पण पावसाचं बीदरने काय केलं ते भाद्रपदात दिसतं.

किल्ल्यालाही हेच लागू आहे. खडकातून कोरून काढलेला तिहेरी खंदक, मधे कातळाच्या दोन आडभिंती ठेवून खोदलेला, हे बीदरच्या किल्ल्याचं सर्वांत धाडसी काम. आतले रंगीन महाल, गगन महाल, तख्त महाल, सोळा खांबांची मशीद यांचं वर्णन अनेकांनी केलेलं आहे. रंगीन महालातलं शिंपल्यांचं जडावकाम पाहायचं तर बहुधा कुलूप असतं, पुरातत्त्व खात्याच्या माणसाला गाठून विनंती करावी लागते, आणि दिवसाला दहा बसगाड्या येत असताना ही विनंती कोण ऐकणार, हा साधा व्यवहार आहे. पण या इमारतींच्या मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या जागा, हौद, कारंजी, भिंतीतून उतरणाऱ्या पन्हळी, बागांचे चौथरे, हे सगळं पाण्याचं सामान आहे. ते ओलं असताना त्याचा उतार, त्याची दिशा डोळ्यांना सापडते. कोरड्या दिवसांत पर्यटक या हौदांत उभा राहून छायाचित्र काढतो आणि पुढे जातो.

एक गोष्ट मात्र इथे पावसाच्या विरुद्ध आहे. बिदरीकाम. जस्त आणि थोडं तांबं यांच्या मिश्रधातूच्या भांड्यावर चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, आणि मग नवसागर व किल्ल्यातली माती उकळून त्या पाण्यात भांडं काळं करायचं. चांदी तशीच राहते, बाकीचं काळंभोर होतं. ही माती किल्ल्याच्या अशाच भागातली हवी जिथे वर्षानुवर्षं ऊन-पाऊस लागलेला नाही, असं कारागीर सांगतात. सगळं गाव पावसाच्या भरवशावर उभं राहिलं आणि त्याच्या सर्वांत प्रसिद्ध वस्तूला न भिजलेली माती लागते, याची गंमत वाटते. या कलेला भौगोलिक मानांकन आहे आणि २०२३ मध्ये शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. कारागिरांच्या कार्यशाळा वर्षभर चालू असतात. पर्यटक मात्र पाचच महिन्यांत येतो. अवेळी येणारं गिऱ्हाईक त्यांना जास्त उपयोगाचं असतं, हे कुठल्याही दुकानदाराला पटेल.

आता गर्दीच्या पंचांगाकडे. या दोन जिल्ह्यांत येणारी मोठी गर्दी पर्यटकांची नाही, भाविकांची आहे. अफझलपूर तालुक्यातलं गाणगापूर महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचलेलं आहे. नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुका, भीमा-अमरजेचा संगम, दुपारची माधुकरी. तिथे दत्तजयंती, माघातली गुरुप्रतिपदा, गुरुपौर्णिमा आणि एरवीची प्रत्येक पौर्णिमा-अमावास्या म्हणजे खांद्याला खांदा. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला माणिकप्रभूंचा उत्सव दत्तजयंतीच्याच सुमारास. म्हणजे मार्गशीर्ष, ज्याला पुस्तिका ‘उत्तम काळ’ म्हणतात, तोच इथला सर्वांत गजबजलेला महिना. होळीनंतर कलबुर्गीच्या शरणबसवेश्वराची जत्रा, त्याच सुमारास बीदरजवळच्या अष्टूरला अहमदशहा वलीचा उरूस. या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळचे जंगम येतात, कारण लिंगायत भाविक या सुलतानात अल्लमप्रभू पाहतात. हिंदूंची तिथी आणि मुसलमानांचं थडगं यांची अशी सांगड दख्खनबाहेर क्वचितच सापडेल. ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचा कलबुर्गीचा उरूस मात्र हिजरी जिल्काद महिन्यात असतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. सध्या तो एप्रिल-मेमध्ये येतो, काही वर्षांनी थंडीत येईल. म्हणून ‘कलबुर्गीला जाण्याचा उत्तम महिना’ असं कायमचं छापता येतच नाही. सहल आखणाऱ्याने दोन पंचांगं शेजारी ठेवावीत, मराठी आणि हिजरी. पुढची काही वर्षं तरी पितृपंधरवडा यांतल्या कुठल्याच मोठ्या दिवसावर पडत नाही, फक्त टोकांची पौर्णिमा आणि सर्वपित्री अमावास्या टाळायची. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने हा पंधरवडा २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर असा उशिरा येतो, म्हणजे परतीच्या पावसाच्याही शेपटाकडे.

यावर पहिली हरकत घरातूनच येईल. पितृपक्षात कुठे सहलीला जायचं? पितृपक्षात नवं घर, नवी खरेदी, लग्न टाळतात, पण प्रवास वर्ज्य असल्याचं कुठे ऐकिवात नाही. उलट श्राद्धासाठी गयेची वाट लोक याच दिवसांत धरतात. ज्या घरी तिथी असेल त्यांनी ती करून निघावं. बाकीचा संकोच हा सवयीचा आहे, आणि या सवयीमुळेच तर लॉज रिकामे असतात.

दुसरी हरकत खर्चाची. ‘ऑफ सीझन’ म्हटलं की निम्म्या दराची अपेक्षा असते. ती इथे ठेवू नये. बीदर-कलबुर्गीतल्या खोल्या व्यापारी, दवाखान्याला आलेले नातेवाईक, महाविद्यालयात मुलांना सोडायला आलेले पालक आणि भाविक यांच्यावर चालतात. पर्यटकांचा हंगाम इथल्या भाड्यात फारसा दिसतच नाही. याचा फायदा असा की ‘बंद हंगामा’त काही बंदही होत नाही. जेवणाची खानावळ, रिक्षा, बस, सगळं नेहमीसारखं. गाड्यांचीही अडचण नाही. विकाराबाद-परळी मार्गावर बीदर, भालकी, उदगीर, लातूर रोड ही स्टेशनं आहेत, मुंबईहून बीदरला थेट गाडी आहे, कलबुर्गी मुंबई-चेन्नई मार्गावर आहे, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या बीदर-कलबुर्गी लोहमार्गाने दोन जिल्ह्यांची मुख्य ठिकाणं थेट जोडली गेली आहेत.

तिसरी हरकत जास्त वजनदार आहे, आणि ती पाण्याचीच. कलबुर्गीकडे सप्टेंबर हा बऱ्याचदा वर्षातला सर्वांत ओला महिना असतो, आणि इथल्या भीमेचं पाणी इथल्या पावसावर अवलंबून नाही. भीमा सह्याद्रीतून येते, उजनी धरणात अडते, उजनी भरलं की पाणी सोडतात. सोलापूर जिल्ह्यात सीना येऊन मिळते. कलबुर्गीत ऊन पडलेलं असताना अफझलपूरला पूर येऊ शकतो. ऑक्टोबर २०२० मध्ये तालुक्यातली गावं पाण्याखाली गेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आणि भीमा या दोन्ही नद्यांनी सोलापूर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत हाहाकार केला, महामार्गांवरची वाहतूक थांबवावी लागली. गाणगापूरचा संगम, भीमाकाठचं सन्नती, कागिण्याकाठचं मळखेड ही तिन्ही ठिकाणं या धोक्यात येतात. ही हरकत मी मान्य करतो, आणि माझ्या मते तिचं उत्तर सहलीच्या क्रमात आहे. बीदरचं पठार पुराच्या आवाक्याबाहेर आहे. सहल तिथून सुरू करावी आणि उतारावर असलेल्या नदीकाठच्या जागा शेवटी ठेवाव्यात. निघण्याआधी आणि दर सकाळी उजनीचा विसर्ग पाहावा, तो आता रोज जाहीर होतो. विसर्ग मोठा असेल तर पुढचे तीन-चार दिवस भीमाकाठ वगळावा, आणि वगळण्याची तयारी मनात आधीपासून असावी. गाणगापूरचं देऊळ डिसेंबरातही असणार आहे.

विजेचंही तसंच. परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो आणि बीदरचं उघडं पठार त्याला सोयीचं आहे. इतिहासच साक्षीला आहे. महमूद गवानचा १४७२ चा मदरसा, इराणी वळणाचा, तीन मजली, निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेला, १६९६ मध्ये झालेल्या दारूच्या स्फोटाने अर्धा उद्ध्वस्त झाला आणि तो स्फोट वीज पडून झाल्याचं सांगितलं जातं. अष्टूरला क्रूर म्हणून बदनाम झालेल्या हुमायून सुलतानाची कबर वीज पडून उभी फुटली आहे, तिचा कापलेला घुमट स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना आतला गाभा दाखवतो. म्हणून उघड्यावरची ठिकाणं सकाळी उरकावीत. अष्टूरला आणखी एक अट. अहमदशहाच्या कबरीच्या आतली रंगचित्रं अंधारात आहेत, ढगाळ दिवशी ती जवळपास दिसत नाहीत, तेव्हा ऊन पडेल ती सकाळ त्यांच्यासाठी राखावी. आणि दिवसभर पाऊसच लागला तर कलबुर्गीच्या किल्ल्यातली जामी मशीद आहेच. १३६७ मध्ये काझवीनच्या रफी नावाच्या स्थपतीने बांधलेली ही मशीद अंगण न ठेवता पूर्ण छपराखाली घेतलेली आहे. भारतात असं उदाहरण विरळा. कमानींच्या रांगांखाली उभं राहून बाहेरचा पाऊस ऐकणं हा त्या वास्तूचा योग्य उपयोग वाटतो.

चौथी हरकत मला सर्वांत अवघड वाटते. तुम्हाला जे हिरवं आणि भरलेलं दिसतं ते शेतकऱ्याच्या उरावर असतं. कलबुर्गी हा कर्नाटकाचा तुरीचा कणगा, त्याच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बीदरकडे सोयाबीन, उडीद, मूग. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत हीच पिकं पाण्यात उभी राहून कुजतात. २०२५ मध्ये सीमेच्या अलीकडे-पलीकडे नेमकं हेच झालं, आणि मराठवाड्यात ओल्या दुष्काळाची मागणी लावून धरली गेली. अशा वेळी तिथे कॅमेरा गळ्यात घालून जाणं शोभतं का? ज्या आठवड्यात पूर आहे त्या आठवड्यात शोभत नाही, आणि रस्तेही त्या कामासाठी मोकळे हवेत. पण याच्या पुढे जाऊन ‘म्हणून पावसाळ्यात जाऊच नये’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. हा प्रदेश कोरडा दुष्काळ आणि ओला दुष्काळ यांच्यामध्ये जगतो. एप्रिल २०१६ मध्ये मांजरेकाठच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. नऊ वर्षांनी त्याच खोऱ्यात पाणी जास्त झालं. पठारावर सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी पाऊस जमिनीत साठवून वर्षभर पुरवण्याची युक्ती केली, तिचं मोल या दोन टोकांच्या संदर्भातच समजतं. डिसेंबराच्या स्वच्छ उन्हात इमारती सुंदर दिसतात, पण त्या ज्या संकटाला उत्तर म्हणून उभ्या राहिल्या ते संकट दिसत नाही. भाविक म्हणून किंवा हौशी म्हणून जाणाऱ्याने हे पाहिलं तर त्यात अनादर नाही.

थंडीवर अन्याय होऊ नये म्हणून तिची बाजूही सांगतो. नोव्हेंबरात तूर फुलते तेव्हा कलबुर्गीकडचा सगळा माळ पिवळा होतो. डिसेंबर-जानेवारीत येणारी वेळ अमावास्या हा लातूर-धाराशिवपासून बीदर-कलबुर्गीपर्यंतचा शेतातल्या जेवणाचा सण आहे, भज्जी-आंबिलाचा, आणि त्या दिवशी कुणी ओळखीचं असेल तर बाकी सगळं सोडून त्यांच्या रानात जावं. हे पितृपंधरवड्यात मिळणार नाही. उन्हाळ्याबद्दल बोलायलाच नको. कलबुर्गीचा पारा मेमध्ये चाळिशीच्या बराच वर असतो, तापलेल्या दगडावर दिवसा पाय ठरत नाही, आणि स्वस्त म्हणून एप्रिल-मेची सहल आखणाऱ्याला निम्मा वेळ खोलीत काढावा लागतो. ज्यांना मुलांच्या शाळेमुळे फक्त दिवाळी किंवा नाताळच मोकळा आहे, त्यांना माझा हा लेख लागू नाही. पण लातूर, उदगीर, नांदेड, सोलापूर, धाराशिव इथल्या लोकांना बीदर-कलबुर्गी शनिवार-रविवारच्या पल्ल्यात आहे. निवृत्त मंडळींना तर कुठलाच अडथळा नाही. एवढ्या जवळचा प्रदेश हंपी-बदामीच्या रांगेत उभा करून त्याला डिसेंबरची तारीख देण्याची गरज नाही.

प्रत्यक्ष आखणी करताना पाण्याच्या मागे जावं, हे उत्तम. बीदर जिल्हा दोन खोऱ्यांच्या सीमेवर आहे. एका बाजूचं पाणी मांजरेतून गोदावरीला जातं, दुसऱ्या बाजूचं कागिणा-भीमेतून कृष्णेला. पहिल्या दिवशी सकाळी नौबादची कारेझ आणि झिरे, मग किल्ला, मदरसा, दुपारनंतर बिदरीचे कारागीर. दुसऱ्या दिवशी ऊन असेल तर अष्टूर, मग बसवकल्याण. बसवकल्याण ही चालुक्यांची कल्याणी, बसवेश्वरांच्या अनुभवमंटपाची जागा. ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वर इथल्याच दरबारातला, आणि त्याच्या वारसा-नियमांवर देशाच्या बहुतेक भागातल्या हिंदू घरांच्या वाटण्या आठशे वर्षं झाल्या, हे तिथे आठवायला हरकत नाही. वाटेत माणिकनगर, गर्दी नसलेलं. तिसऱ्या दिवशी कलबुर्गी, किल्ला आणि बंदेनवाजांचा दर्गा. चौथा दिवस भीमा ठरवेल. ती शांत असेल तर मळखेड, म्हणजे राष्ट्रकूटांची मान्यखेट आणि जयतीर्थांचं वृंदावन. मग सन्नती, जिथे १९८६ मध्ये चंद्रलांबेच्या आवारातल्या देवळाचं छत कोसळलं आणि अशोकाच्या आज्ञांची शिळा हाती लागली, आणि जवळच्या कनगनहळ्ळीच्या स्तूपात ‘रायो असोको’ असं नाव कोरलेली सम्राटाची प्रतिमा सापडली. शेवटी गाणगापूर. भाषेची काळजी नको, कन्नड येत नसेल तर दख्खनी हिंदी चालते, आणि भालकी, औराद, बसवकल्याणकडे मराठी सर्रास चालते.

मोजकं सामान, घट्ट पकडीच्या चपला, कारण ओला जांभा शेवाळाने निसरडा होतो, आणि एक बॅटरी एवढं बरोबर असू द्या. नृसिंह झिऱ्याच्या बोगद्यात छातीइतक्या पाण्यातून जावं लागतं. तो त्या दिवशी भाविकांसाठी खुला आहे का, हे गावात विचारल्याशिवाय तिकडे वळू नका, आणि लहान मुलांना आत नेऊ नका. कारेझच्या उभ्या विहिरींच्या काठाशी वाकू नका, त्यात काही टाकू तर मुळीच नका. किल्ल्यातल्या पुरातत्त्व कार्यालयात पहिल्याच सकाळी जाऊन रंगीन महाल उघडून मिळेल का ते विचारा. आणि उजनीचा आकडा पाहायला विसरू नका.